बूट काढू नकोस

१

मुलाखतीचं सगळं ठरलेलं असतं. बेल वाजवायची, कोट खुंटीला लावायचा, कॉफी येते, कॉफीबरोबर डब्यातून एकच बिस्कीट मिळतं आणि डबा लगेच बंद होतो. मग मी टेबलावर रेकॉर्डर ठेवते आणि समोरचं म्हातारं माणूस आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वर्षं मला तासाभरात सांगून टाकतं. त्या वसंतात मी अशा बऱ्याच मुलाखती घेतल्या होत्या. विद्यापीठातले आमचे डेक्कर सर दर वेळी निघताना बजावायचे, "निन्के, शेवट आशेचा हवा हं. चार मेला, स्मरणदिनाला, फिल्म चौकात दाखवायचीय. लोक पोराबाळांना घेऊन येतात."

छळछावण्यांतून, माळ्यांवरून, तळघरांतून जगून बाहेर पडलेल्या माणसांनी वर आम्हाला आशा पण द्यायची. का, तर चौकात पोरंबाळं येणार! मला या वाक्याचा दर वेळी संताप यायचा आणि दर वेळी मी मान डोलवायचे.

क्लारा ड्रुकर यांच्याबद्दल सरांना फारच उत्साह होता. पंच्याऐंशी वर्षांच्या बाई. नऊ वर्षांच्या असताना त्यांना आणि धाकट्या भावाला अ‍ॅमस्टरडॅमहून इकडे, फ्रीसलंडच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात लपवायला आणलं होतं. आईवडील सोबिबोरच्या छळछावणीत गेले ते गेलेच. आणि ज्या घरात ही मुलं लपली तेच घर बाईंनी पुढे विकत घेतलं, पन्नास वर्षं त्यातच राहिल्या. "कृतज्ञतेचं याहून सुंदर उदाहरण सापडेल का?" सर म्हणाले होते.

घराच्या दाराशेजारी दगडी पाटी होती. इम्के होएक्स्त्रा यांनी जिवाची पर्वा न करता इथे दोन ज्यू मुलांना आसरा दिला, असं तीवर कोरलं होतं. मी बेल वाजवली. बाहेर रिपरिप चालू होती, म्हणून दार उघडताच मी बूट काढायला वाकले.

बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं.

"तळवे रबराचे आहेत का?"

"नाही, चामड्याचे. पण ओले आहेत."

"असू देत. बूट काढू नकोस."

२

पुढची खोली अर्धी रिकामी होती. भिंतीला लागून खोकी, गुंडाळलेला गालिचा, उतरवलेले पडदे. त्याच दुपारी मुलगा, ब्राम, येऊन त्यांना लेवार्डनच्या वृद्धाश्रमात नेणार होता. मांडीचं हाड मोडल्यापासून आईला एकटीला घर झेपत नाही, असं त्याचं म्हणणं. घर विकलं गेलं होतं. नवे मालक अ‍ॅमस्टरडॅमचे, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते येणारे.

"म्हणजे बाकी सगळं वर्ष कुलूप," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज कापला. मला वाटलं, घराची माया असेल.

कॉफी नाही, बिस्कीट नाही. मी रेकॉर्डर लावला, पण बाई बसेचनात. वॉकर ढकलत त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होत्या, वळत होत्या, पुन्हा येत होत्या. पायात कडक टाचांचे काळे बूट. उघड्या लाकडी जमिनीवर त्या टाचा अशा वाजत होत्या की शब्द ऐकूच येईनात.

"बाई, जरा बसता का? आवाज नीट येत नाहीये."

"तू बस की. तुला कुणी उठवलंय?"

मी निमूट प्रश्न काढला. "इम्के होएक्स्त्रा यांची सगळ्यात हृद्य आठवण कुठली?"

बाई हसल्या. चांगलं नव्हतं ते हसणं. "पाटी वाचलीस बाहेरची?"

"हो."

"दोन मुलांना आसरा दिला. दोन! घरात दोन आली हे खरंय. बाहेर किती आली ते विचारलंय का कुणी? मी जाऊन भांडले, तर नगरपालिकेतला तो टायवाला म्हणतो, बाई, दगडावर जागा कमी असते. जागा कमी असते! तिचं अख्खं नाव मावलं, बापाच्या नावासकट. माझ्या भावाचं तेवढं मावेना."

त्या बोलत होत्या आणि चालत होत्या. दम लागला होता, कपाळावर घाम होता, तरी थांबत नव्हत्या. मला त्यांची दयाही आली आणि वैतागही आला.

"भावाचं नाव काय होतं?" मी विचारलं.

त्या उत्तर न देता म्हणाल्या, "जा, पाणी पिऊन ये. स्वयंपाकघर मागे आहे, बोळातून सरळ. आणि पाय आपटत जा."

३

बोळ लांब आणि अरुंद होता. एका अंगाला उभा जिना, वर माळ्याकडे जाणारा, कठड्याच्या जागी भिंतीला ताणलेला दोर. मी चालू लागले आणि चार पावलांतच मला वाटलं की वर कुणीतरी चालतंय.

मी थांबले. वरचं थांबलं.

जुनी घरं अशीच असतात. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर फळ्या. खाली पाय पडला की वरचं लाकूड बोलतं. मी पुन्हा चालले. वर पुन्हा पाऊल. अगदी माझ्याबरोबर, पण हलकं. आणि बरोबरही नाही म्हणता येणार. माझं पाऊल पडायचं, आणि कुणी कान देऊन ऐकावं आणि मगच पाय टाकावा एवढ्याशा अंतरानं वरचं पडायचं.

शेजाऱ्यांचं असेल, म्हटलं. इथल्या घरांना भिंतीला भिंत. मग म्हटलं, शेजारी माझ्यासाठी का थांबेल?

मी मूर्खासारखी परीक्षा घेतली. दोन पावलं पटपट टाकली, एक सावकाश. वर दोन पटपट आली, एक सावकाश. मग मी एक पाऊल उचललं आणि टाकलंच नाही, तसाच पाय हवेत धरून उभी राहिले. वर काही वाजलं नाही. पण माझ्या डोक्यावर कुणीतरी तसाच एक पाय उचलून, तोल सांभाळत उभं आहे, हे मला अगदी स्पष्ट कळलं.

पाय टेकला तेव्हा वरही टेकला. मी पाणी न पिताच परत फिरले.

४

खोलीत बाई थांबल्या होत्या. पहिल्यांदाच. मान वर करून छताकडे बघत होत्या.

"चालला ना तुझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"नातान."

आणि मग त्यांनी सांगितलं, घाईघाईनं, दाराकडे बघत, मुलगा यायच्या आत संपवायचं असल्यासारखं.

"शेजारी राहायचा तो जर्मनांचा खबऱ्या. या घरात बाई एकटी राहते हे त्याला माहीत. मग माळ्यावर कुणाचे पाय वाजले तर? म्हणून नियम होता. इम्के मावशी खाली चालेल तेव्हाच आम्ही वर चालायचं. ती एक पाऊल, आम्ही एक पाऊल. ती थांबली की थांबायचं, पाय उचललेला असला तरी. तिनं त्यासाठी कडक टाचांचे बूट घेतले होते. मी चुकायचे. नातान चार वर्षांचा, तो एकदाही चुकला नाही."

"मग?"

"मग मला शेतावर हलवलं. माझे केस पिंगट, कुणाची भाची म्हणून खपून गेले. त्याचे काळेभोर, तो राहिला. युद्ध संपल्यावर धावत आले तर मावशी म्हणते, थंडीत गेला, खोकला झाला होता, डॉक्टर कसा बोलावणार? बरं, कुठे ठेवलास? तोंड फिरवलं. मरेपर्यंत सांगितलं नाही त्या बाईनं. ती मेली आणि मी हे घर घेतलं. कृतज्ञता म्हणे! सगळी बाग खणली मी. फळ्या उचकटल्या. हाड नाही, चिंधी नाही, काही नाही. एक दिवस रागानं नुसती येरझाऱ्या घालत होते या खोलीत, आणि वर ऐकू आलं."

मी छताकडे बघितलं.

"पन्नास वर्षं चालतेय मी, पोरी. मी बसले की तो उभा राहतो. मी झोपले की अंधारात तसाच उभा राहतो. आज मी गेले, घराला कुलूप लागलं, की इथे चालणार कोण? ब्रामला सांगितलं तर त्यानं मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात भलतीच ताकद होती. "मला तुझा तो मायक्रोफोन नको होता. तुझे पाय हवे होते. मी वर जाऊन त्याला जिन्यापर्यंत आणायचे, पण तिथे तो अडतो. खाली कुणीतरी आपलं माणूस हाक मारायला हवं. एकटीला दोन्ही जमत नाही. तू वर जा आणि खाली ये. तू उतरलीस की तो उतरेल. मी हाक मारते."

मला निघून जाता आलं असतं. पण त्या दगडी पाटीवर जागा नव्हती म्हणे. मी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि जिन्याकडे गेले.

५

माळा रिकामा होता. उतरतं छप्पर, एक खिडकी, थंडी. मी चालले, आणि आता पावलं डोक्यावर नव्हती, माझ्यामागे होती. मी मागे बघितलं नाही. बघायचं नव्हतंच मला. भिंतीशी वळले, जिन्याच्या तोंडाशी आले, पहिली पायरी उतरले. मागे पहिली पायरी वाजली. दुसरी उतरले. वाजली.

"नातान!" खालून बाईंनी हाक मारली. "ये रे राजा, मी आहे, क्लारा."

मी तिसरी उतरले. मागे काहीच वाजलं नाही.

"नातान!"

मागे पाऊल वाजलं, पण वरच्या बाजूला. तो मागे सरत होता.

"बाई, हाक मारू नका," मी म्हणाले. "हाक मारली की तो मागे जातोय."

जिन्याच्या वळणाखाली मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, पांढरं, वॉकरवर वाकलेलं. त्या बोलल्या तेव्हा तो आवाज मघाचा नव्हता.

"मीच शिकवलं त्याला. इथे आणल्यावर खोटी नावं मिळाली आम्हाला. चार वर्षांचं पोर, खऱ्या नावानं हाक आली तर वळणारच ना? कुणी मुद्दाम मारली तर? मावशी म्हणाली, तू बहीण, तू शिकव. मी मागून हाक मारायचे, नातान! तो वळला की थोबाडीत द्यायचे. पुन्हा, नातान! वळला की पुन्हा. रडायचं पण आवाज न करता, तेही शिकवलेलं. थोड्याच दिवसांत वळायचा थांबला."

"आणि खोटं नाव काय होतं?"

"ते या घरात कुणी घ्यायचं नाही. त्या बाईनं दिलेलं नाव आहे ते. माझ्या आईनं त्याला नाव दिलंय."

मला ते नाव माहीत होतं. आदल्या आठवड्यात इम्के होएक्स्त्राच्या नातीशी बोलले होते. ती डोळे पुसत म्हणाली होती, आजी शेवटपर्यंत 'आमचा सिप्के' म्हणून आठवण काढायची. बाईंचा राग मला पटत होता. अगदी मनापासून पटत होता. पण वर एक पोर उभं होतं आणि बाहेर गाडी केव्हाही येणार होती.

"सिप्के," मी म्हणाले. हळूच म्हणाले.

"तोंड सांभाळ!" बाई ओरडल्या. "माझ्या घरात...!"

आणि पाऊल वाजलं. मी हलले नव्हते. माझे दोन्ही पाय पायरीवर होते आणि मागे पाऊल वाजलं, मग दुसरं. भिंतीवरचा दोर माझ्या हाताशेजारी ताणला गेला. मी अंग चोरून भिंतीला टेकले. माझ्याजवळून कुणीतरी खाली गेलं. मला एक राखाडी लोकरी मोजा दिसला, टाचेशी दुसऱ्याच रंगानं रफू केलेला. तो पायरीवरून पायरीवर जात होता, जपून, आणि जिन्याच्या वळणावर थांबला.

बाईंनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग एका क्षणात उतरला. त्या काय करणार होत्या? पन्नास वर्षं वाट पाहून समोर आलेल्या भावाला माणूस काय म्हणतं?

"नातान," त्या म्हणाल्या.

वळणावर एक बारीकसा हात वर झाला. कोपरातून वाकला आणि गालासमोर आडवा आला. मला एवढंच दिसलं. मग ती पावलं पळत वर आली आणि माझ्यामागे येऊन थांबली.

६

गाडीचा हॉर्न वाजला. "बाई, त्याला दुसऱ्या नावानं बोलवा," मी म्हणाले, "एकदाच." त्यांनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मिटलेले होते.

ब्राम आला, मोठा, दमलेला माणूस. "झाली का मुलाखत? आई, चल, कोट घाल." त्यानं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. उंबऱ्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"चालत राहा," एवढंच म्हणाल्या.

मी मागोमाग बाहेर पडले. गल्लीतल्या फरसबंदीवर माझ्या बुटांचा आवाज झाला आणि त्यामागे दुसरा, हलका.

ग्रोनिंगनमधल्या माझ्या खोलीखाली राहणारी मुलगी तिसऱ्याच दिवशी वर आली. "निन्के, तुझ्याकडे कुणाचं बाळ आहे का गं? चालतं छान, पण तू कुठेही गेलीस की मागे मागे येतं वाटतं." मी हसून काहीतरी सांगितलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग येत होता. पुस्तक घेऊन खुर्चीत बसले की कळायचं, दारापाशी तो उभा आहे. मग मी उठायचे आणि चालायचे. एवढा शहाणा, एवढा आज्ञाधारक केला होता त्याला सगळ्यांनी मिळून.

मी लेवार्डनला दोनदा गेले. दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवलं. मुलाची सूचना होती, विद्यापीठातली ती पोरगी नको, ती आल्यापासून आई बोलायची बंद झाली आहे. फोनवर ब्राम ओरडला, "तुम्हाला तुमची फिल्म मिळाली ना? आता सोडा की तिला!"

फिल्म मिळाली होतीच. सरांनी माझ्या रेकॉर्डिंगमधून बाईंचं एकच वाक्य घेतलं, 'घरात दोन आली हे खरंय', आणि पुढे व्हायोलिन लावलं. मी जाऊन भांडले. सर म्हणाले, "अगं, टाचांच्या आवाजात बाकी काही ऐकूच येत नाही."

७

चार मेला मी त्या गावात गेले. चौक भरला होता. गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी इम्के होएक्स्त्रांच्या धैर्यावर भाषण केलं, फिल्म दाखवली, लोकांनी डोळे टिपले. पहिल्या रांगेत बाई होत्या. चाकांच्या खुर्चीत, मांडीवर शाल, पाय खुर्चीच्या पायफळीवर, जमिनीपासून वर. मागे ब्राम उभा. त्यांना चालता येत नव्हतं आता, आणि त्या समोर कशाकडेच बघत नव्हत्या.

संध्याकाळचे आठ वाजले आणि दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. त्या दोन मिनिटांत आमचा सगळा देश जागच्या जागी उभा राहतो. आगगाड्या थांबतात, सायकलवाले उतरतात, लहान पोरंसुद्धा गप्प होतात. या देशात माणसाला बरंच काही माफ होतं, पण त्या दोन मिनिटांत कुणी हललेलं माफ होत नाही.

चौकात कुणीही हलत नव्हतं. म्हणजे तोही हलत नव्हता. या सगळ्या लोकांनी मान खाली घालून त्याची आठवण काढायची आणि त्यानं माझ्यामागे श्वास रोखून उभं राहायचं!

मी चालायला लागले.

टाचा दगडांवर अशा वाजल्या की शंभर माना वर झाल्या. "लाज नाही वाटत?" कुणीतरी दातांतून म्हणालं. एका बाईनं माझी बाही धरली, मी ती सोडवली. डेक्कर सरांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. मी पाय आणखी जोरात टाकले. मागे ती पावलं येत होती, एक चुकत नव्हतं. मी रांगेसमोर गेले आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबले. पावलं थांबली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या कमरेशेजारी, खाली बघितलं. ओठ उघडले. जीभ दातांशी गेली, आईनं दिलेलं नाव तिथपर्यंत आलं होतं, मला दिसत होतं. आणि त्यांनी ते गिळलं. गिळताना त्यांचा गळा हलला, जबडा थरथरला. इतका राग मी कुणाच्या तोंडावर कधी पाहिला नाही.

"सिप्के," त्या म्हणाल्या. सगळ्या चौकाला ऐकू गेलं. "ये."

त्यांनी हात उचलला. तो हात पाहून पोर परत गाल झाकेल असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. त्यांनी हात हवेतच थांबवला, सावकाश खाली आणला आणि मांडीवर उताणा ठेवला.

मी हलले नाही. चौकात कुणीच हललं नव्हतं. माझ्या बाजूनं दोन पावलं पुढे गेली आणि खुर्चीची पायफळी खाली दबली.